‘दमा असेल तर धोका कमी’: डेटातून निघालेल्या एका नियमाचं प्रकरण

1990 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी एक अगदी व्यवहारी प्रश्न हाती घेतला. न्यूमोनिया झालेला माणूस इस्पितळाच्या दारात आला, तर त्याला दाखल करून घ्यायचं की गोळ्या लिहून देऊन घरी पाठवायचं? दाखल केलं तर खर्च वाढतो, खाट अडते, आणि इस्पितळातलाच दुसरा संसर्ग लागण्याची भीती असते. घरी पाठवलं आणि रात्रीतून तब्येत ढासळली तर जीवावर बेततं. कोविडच्या दिवसांत ऑक्सिमीटरवरच्या 94 च्या आकड्याकडे बघत असाच निर्णय आपल्याकडे घरोघरी घेतला गेला. त्याचं ओझं किती असतं हे वेगळं सांगायला नको.

संशोधकांच्या हाती डेटा चांगला होता. 78 इस्पितळांतले 14,199 प्रौढ रुग्ण, प्रत्येकाची दाखल होतानाची माहिती, आणि शेवटी तो वाचला की दगावला. साधारण अकरा टक्के दगावले होते. योजना सरळ होती: मशीन लर्निंगच्या, म्हणजे जुन्या उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वेगवेगळ्या पद्धतींना हा डेटा शिकवायचा, मृत्यूचा धोका कोणाला कमी आणि कोणाला जास्त हे त्यांच्याकडून काढायचं, आणि कमी धोक्याच्या रुग्णांवर घरी उपचार करण्याची शिफारस करायची. लॉजिस्टिक रिग्रेशन (प्रत्येक घटकाला वजन देऊन बेरजेतून शक्यता काढणारी), न्यूरल नेटवर्क (आतली हजारो वजनं जुळवत शिकणारी), नियम शिकणारी (‘अमुक असेल तर तमुक’ अशा ओळी काढणारी) अशा बऱ्याच पद्धती एकाच डेटावर एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. ग्रेगरी कूपर आणि सहकाऱ्यांनी हे काम 1997 साली प्रसिद्ध केलं.

अचूकतेत न्यूरल नेटवर्क पुढे होतं. एक दगावलेला आणि एक वाचलेला अशी जोडी उचलली, तर दगावलेल्याला जास्त धोका दिला जाण्याचं प्रमाण नेटवर्कमध्ये 0.86 होतं आणि लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये 0.77. एवढा फरक असला की बहुतेक ठिकाणी चर्चा संपते.

इथे ती संपली नाही, कारण नियम शिकणाऱ्या पद्धतीने एक ओळ समोर ठेवली होती: रुग्णाला दमा असेल, तर न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी.

वैद्यकाशी जुजबी ओळख असलेला माणूससुद्धा इथे थबकेल. दमेकऱ्याची श्वासनलिका आधीच अरुंद झालेली असते, त्यात फुफ्फुसात संसर्ग झाला की धाप आवरत नाही. डॉक्टर अशा रुग्णाला जास्त जोखमीचा मानतात, आणि ते बरोबरच आहे. मग मशीन चुकलं होतं का? नाही. हिशेब पुन्हा तपासला तरी उत्तर तेच येत होतं. त्या डेटातले दमेकरी खरोखरच कमी दगावले होते.

कारण इस्पितळाच्या रोजच्या कामात होतं. न्यूमोनिया झालेला दमेकरी आला की त्याला वॉर्डात न ठेवता थेट आयसीयूत नेलं जाई. जोखीम मोठी आहे हे डॉक्टरांना माहीत होतं, म्हणून उपचार तातडीने आणि जोरात होत. ते इतके चांगले ठरले की दमेकऱ्यांची मृत्यूसंख्या इतरांपेक्षाही खाली आली. भर म्हणून असंही असणार की ज्याला वर्षानुवर्षं दमा आहे त्याला छातीतला बदल लवकर कळतो, त्याचा डॉक्टर ठरलेला असतो, आणि तो दुखणं अंगावर काढत बसत नाही.

आता हा नियम शिफारशीत घालून पाहा. दमेकरी, म्हणजे धोका कमी, म्हणजे घरी पाठवा. ज्या काळजीमुळे धोका कमी दिसत होता, नेमकी तीच काढून घ्यायची! जंगलाला लागून असलेल्या शेतांत रानडुकरांचं नुकसान कमी दिसतं, कारण तिथे शेतकरी रात्रभर राखणीला बसलेला असतो. आकडे पाहून कुणी ती राखण उठवली तर पीक आठवडाभरही टिकायचं नाही.

आकड्यांत नेमकं काय नव्हतं

समजुतीपुरते काही काल्पनिक आकडे घेतो. समजा न्यूमोनियाचे हजार दमेकरी आले, सगळे आयसीयूत गेले आणि त्यांतले 60 दगावले. दमा नसलेले हजार वॉर्डात राहिले, त्यांतले 110 दगावले. नियम शिकणारा प्रोग्रॅम 60 आणि 110 ही तुलना करतो आणि म्हणतो, दमा असेल तर धोका जवळपास निम्मा. नियमाला आधार देणारी उदाहरणं भरपूर, नियम खरा ठरण्याचं प्रमाण उत्तम, चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावरही नियम टिकतो, कारण तिथेही दमेकरी आयसीयूतच गेलेले असतात. पण आपल्याला निर्णयासाठी हवा आहे तो आकडा तिसराच आहे: हेच हजार दमेकरी घरी राहिले असते तर किती दगावले असते? समजा 180. तो आकडा टेबलाच्या कुठल्याही रकान्यात नाही, कारण तसं कधी घडलंच नाही.

या प्रकरणाची गाभ्यातली गोष्ट मला इथे दिसते, आणि दम्याच्या किश्श्यापुढे ती बऱ्याचदा झाकली जाते. त्या 14,199 रुग्णांतला एकूण एक रुग्ण इस्पितळात दाखल झालेला होता. घरी उपचार घेतलेला एकही नव्हता. म्हणजे जी शिफारस करायची होती, ‘घरी पाठवा’, तिचं एकही उदाहरण डेटात नव्हतं. दाखल झालेल्यांतला जो वाचला तो घरीही वाचला असता, हे गृहीत धरल्याशिवाय एकाही रुग्णाबद्दल शिफारस करता येत नव्हती. धडधाकट पंचविशीच्या तरुणाबाबत ते गृहीत बहुधा खरं ठरेल. दमेकऱ्याबाबत ते सपशेल खोटं ठरतं. मधले हजारो रुग्ण कुठे बसतात हे मॉडेलच्या अचूकतेवरून कळत नाही. उलट अचूकता जितकी जास्त, तितकी इस्पितळाची त्या वेळची वहिवाट मॉडेलने जास्त इमानाने पाठ केलेली असते.

‘डेटावर चालणारा निर्णय’ या शब्दांबद्दल माझी तक्रार इथेच सुरू होते. मॉडेल जे शिकतं ते असं वाचावं: ‘सगळे आजवर वागत आले तसेच वागत राहिले, तर या रुग्णाचं काय होईल.’ शिफारस आली की वागणं बदलतं, आणि तो अंदाज ज्या पायावर उभा आहे तो पायच सरकतो. रुग्णांऐवजी कर्जदार घ्या, गळती होणारे विद्यार्थी घ्या किंवा बिघडणारी यंत्रं घ्या, जिथे कुणीतरी आधीपासून जोखमीकडे जास्त लक्ष देत आलं आहे तिथे हे होणारच. ज्या यंत्राची देखभाल जास्त होते ते कमी बिघडतं, आणि डेटा सांगतो की त्या यंत्राला देखभालीची गरज कमी आहे.

न्यूरल नेटवर्क का बाजूला ठेवलं

रिच करुआना त्या वेळी कार्नेगी मेलनमध्ये विद्यार्थी होते आणि न्यूरल नेटवर्कवर त्यांनीच काम केलं होतं. त्यांनी स्वतःच ते रुग्णांवर वापरू नये असं मत दिलं. युक्तिवाद असा: नियमांची यादी माणसाला वाचता येते, म्हणून दम्याची ओळ कुणाच्या तरी नजरेत भरली. नेटवर्कने त्याच डेटातून तेच शिकलेलं असणार, फक्त हजारो वजनांत ते विरघळून गेलेलं. दम्याचं आता माहीत झालं, त्यावर काही तोड काढता येईल. पण ज्या गोष्टी नियमांच्या यादीत आल्या नाहीत आणि नेटवर्कने मात्र टिपल्या, त्यांचं काय? शेवटी कमी अचूक पण वाचता येणारं लॉजिस्टिक रिग्रेशन सुरक्षित ठरवलं गेलं.

या निर्णयाबद्दल मला आदर वाटतो. आपण घडवलेलं, सगळ्यांत जास्त गुण मिळवलेलं मॉडेल आपणच बाजूला ठेवणं सोपं नसतं.

पण ‘वाचता येणारं मॉडेल म्हणजे सुरक्षित मॉडेल’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दम्याचा नियम वाचता येत होता, हे खरं. तो चुकीचा आहे हे कळायला मात्र वॉर्डात काय चालतं हे जाणणारा माणूस लागला. फक्त आकडे हाताळणाऱ्यांच्या टेबलावर ती यादी गेली असती, तर ‘रंजक निष्कर्ष’ म्हणून ती सादरीकरणात झळकलीही असती.

वीसेक वर्षांनी, 2015 साली सिडनीत भरलेल्या, डेटातून ज्ञान शोधण्यावरच्या केडीडी परिषदेत, करुआना आणि सहकाऱ्यांनी त्याच डेटाकडे पुन्हा पाहिलं. या वेळी पद्धत वेगळी होती. प्रत्येक घटकाचा स्वतंत्र आलेख शिकायचा, मोजक्या जोड्यांचा एकत्रित परिणाम घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. अचूकता 0.86 च्या आसपास, म्हणजे रँडम फॉरेस्ट या अचूक पण वाचायला अवघड पद्धतीच्या 0.85 ला थोडी मागे टाकणारी, आणि तरीही प्रत्येक आलेख डोळ्यांनी तपासता येणारा. त्यात दमा पुन्हा खालच्या बाजूला आला. शिवाय फुफ्फुसाचा जुनाट आजार आणि छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास हेही धोका कमी करणारे दिसले. नेटवर्कबद्दल जी शंका होती ती रास्त होती: दमा एकटा नव्हता. छातीत दुखतं म्हटलं की कुणीही डॉक्टर रुग्णाला रांगेत थांबवत नाही. त्यामुळे याचंही कारण तेच असावं.

त्याच निबंधातला दुसरा एक आलेख मला दम्यापेक्षाही जास्त शिकवणारा वाटतो. तो रक्तातल्या युरिया नायट्रोजनचा, म्हणजे बीयूएनचा. मूत्रपिंडं नीट काम करत नसली किंवा शरीर फार कोरडं पडलं की हा आकडा चढतो. आलेखात 30 च्या खाली धोका कमी, 50 च्या पुढे जास्त, हे अपेक्षेप्रमाणेच. पण बहुतेक रुग्णांची नोंद शून्य होती. जिवंत माणसाचं बीयूएन शून्य नसतं. वैद्यकीय डेटात हे नेहमी दिसतं: तपासणी केलीच नाही, किंवा ती नॉर्मलच असणार असं धरलं, की रकान्यात शून्य भरलं जातं. आणि या शून्यवाल्यांचा धोका कमी होता.

याचा नियम करा: ‘बीयूएन तपासलं नसेल तर धोका कमी.’ डेटापुरतं हे खरं आहे. पण ते खरं का आहे? डॉक्टरने रुग्णाकडे पाहिलं, नाडी बघितली, बोलला, आणि त्याला वाटलं की या तपासणीची गरज नाही. तो शून्य म्हणजे अनुभवी माणसाने दिलेलं मत आहे, रक्ताच्या तपासणीच्या रकान्यात येऊन बसलेलं. उद्या खर्च वाचवायला कुणी सरसकट बीयूएन बंद केलं तर रकाना शून्यांनी भरेल, मॉडेल सगळ्यांना कमी धोक्याचे ठरवेल, आणि त्या शून्यामागचं मत मात्र गेलेलं असेल. दमा निदान डोळ्यांत खुपतो. हा शून्य गुपचूप आत शिरतो, म्हणून मी कुठल्याही डेटाचं काम हाती घेताना ‘रिकामं कोणी ठेवलं आणि का’ हे आधी विचारतो.

त्याच डेटातून निघालेला दुसरा नियम

प्रकरण इथेच सोडलं तर असं वाटेल की डेटातून वापरण्याजोगा नियम निघतच नाही. तसं नाही. त्याच 14,199 रुग्णांतून, त्याच पिट्सबर्गमध्ये, मायकेल फाइन आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या तीव्रतेचा निर्देशांक तयार केला. तो 1997 च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि आजही वापरात आहे.

त्याची रचना साधी आहे. वय पन्नासपर्यंत, ठरावीक पाच आजारांपैकी एकही नाही, शुद्ध, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ताप ठीक: असा रुग्ण पहिल्या वर्गात, त्याला एकही रक्ततपासणी लागत नाही. बाकीच्यांना गुण द्यायचे. वयाइतके गुण, स्त्रियांना त्यातून दहा वजा. कर्करोगाला 30, यकृताच्या आजाराला 20, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त असेल तर 20, बीयूएन 30 किंवा पुढे असेल तर 20, असं करत बेरीज. 70 पर्यंत दुसरा वर्ग, 90 पर्यंत तिसरा, 130 पर्यंत चौथा, त्यापुढे पाचवा. पहिल्या वर्गात मृत्यूचं प्रमाण अर्धा टक्क्याच्या आत, पाचव्यात 27 ते 31 टक्के.

त्या पाच आजारांत कर्करोग, यकृत, हृदय निकामी होणं, पक्षाघातासारखे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार आणि मूत्रपिंड आहेत. दमा नाही. त्याला अधिक गुण नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे उणे गुणही नाहीत. दमा आहे म्हणून कुणाचा वर्ग खाली उतरत नाही.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रवास. नियम आधी 38,039 दाखल रुग्णांच्या दुसऱ्या डेटावर तपासला गेला. तिथेही सगळे इस्पितळातलेच, म्हणजे मूळ अडचण कायम. मग तो 2,287 जणांच्या तिसऱ्या गटावर लावला, आणि त्यात 944 जण असे होते ज्यांच्यावर घरी राहून उपचार झाले होते. पहिल्या डेटात ज्याचं एकही उदाहरण नव्हतं ते इथे आलं. तरीही कोणाला घरी पाठवायचं हे या गटात डॉक्टरांनीच ठरवलं होतं, म्हणून आणखी एक पायरी बाकी होती.

ती कॅनडात ओलांडली गेली. 1998 साली 19 इस्पितळं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली गेली. एका गटात या निर्देशांकावर आधारलेली ठरावीक कार्यपद्धती, दुसऱ्यात नेहमीची पद्धत. रुग्ण 1,743. कमी धोक्याच्या रुग्णांपैकी नेहमीच्या पद्धतीत 49 टक्के दाखल झाले, नव्या पद्धतीत 31 टक्के. दर रुग्णामागे खाटेचे 1.7 दिवस वाचले, आणि रुग्णांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. कार्यपद्धतीत ठरावीक प्रतिजैविक आणि इतर सूचनाही होत्या, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या निर्देशांकाला देता येत नाही. पण ‘ही शिफारस पाळली तर काय होतं’ या प्रश्नाला इथे पहिल्यांदा थेट उत्तर मिळालं.

दोन नियम, एकच डेटा. एकाच्या मागे फक्त टेबल उभं होतं. दुसरा टेबलातून बाहेर पडून घरी राहिलेल्या रुग्णांपर्यंत आणि मग प्रयोगापर्यंत गेला. सांख्यिकीच्या दृष्टीने निर्देशांकामागची पद्धत काही फार आधुनिक नव्हती, आणि तिच्या जागी आजचं कुठलंही मॉडेल ठेवलं तरी मधल्या पायऱ्या टाळता येत नाहीत.

बदलता येणारं आणि न बदलता येणारं

नियमांना कृतीशी जोडण्याचा एक सोपा विचार झ्बिग्निएव्ह रास आणि अलिशिया व्येचोरकोव्स्का यांनी 2000 साली मांडला. डेटातले घटक दोन भागांत वाटायचे. वय, जन्मस्थान यांसारखे स्थिर, जे आपल्या हातात नाहीत. आणि व्याजदर, सवलत यांसारखे लवचीक, जे बदलता येतात. कृतीचा नियम तोच, जो सांगतो की स्थिर घटक असे असताना अमुक लवचीक घटक इथून तिथे नेला तर निकाल बदलेल.

हीच चाळणी न्यूमोनियाच्या डेटाला लावली की चित्र लख्ख होतं. वय स्थिर, लिंग स्थिर, दम्याचा इतिहास स्थिर. नाडी, ताप, बीयूएन ही दारात आल्यावरची अवस्था. लवचीक घटक एकच, रुग्णाला कुठे ठेवायचं, आणि तो सगळ्यांसाठी एकसारखा: इस्पितळात. ज्या टेबलात एकुलता एक बदलता येणारा रकाना बदललेलाच नाही, त्यातून धोक्याचा अंदाज निघेल, कृतीचा नियम निघणार नाही. हे तपासायला मॉडेल लागत नाही, रकान्यांची यादी घेऊन अर्धा तास बसलं की कळतं. काम सुरू करण्याआधी हा अर्धा तास प्रत्येकाने द्यावा असं मला कळकळीने वाटतं.

चाळणीची मर्यादाही इथेच दिसते. लवचीक रकाना खरंच बदललेला असला, म्हणजे काही रुग्ण आयसीयूत आणि काही वॉर्डात असले, तरी कोण कुठे गेलं हे डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवलेलं असतं. तेव्हा ‘आयसीयूत मृत्यू जास्त, म्हणून आयसीयू टाळा’ असा उलटा नियम निघतो. दम्याच्या बाबतीत उपचार रकान्यांत नव्हते म्हणून फसगत झाली. इथे उपचार रकान्यात आहेत, पण ते देण्यामागचं कारण नाही.

दुरुस्ती कशी करायची

दम्याचा रकाना डेटातून काढूनच टाकला तर? पहिल्यांदा हेच सुचतं, आणि यानेच घोटाळा वाढतो. दमेकरी इतर रकान्यांतूनही ओळखू येतात: जुनाट फुफ्फुसविकार, छातीत घरघर. दमा नसला तर मॉडेल तोच परिणाम या शेजाऱ्यांवर टाकतं, आणि मग तो शोधणं आणखी कठीण. म्हणून करुआनांचा सल्ला उलटा आहे: संशयास्पद घटक शिकवताना आत ठेवा, त्याचा परिणाम त्याच्याच आलेखात गोळा होऊ द्या, आणि शिकवून झाल्यावर तो आलेख हाताने बदला. बेरजेवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये हे करता येतं. मायक्रोसॉफ्टने 2019 साली खुलं केलेलं इंटरप्रेटएमएल हे सॉफ्टवेअर अशाच मॉडेलांसाठी आहे.

पण बदलायचं म्हणजे किती? आलेख शून्यावर आणला तर मॉडेल म्हणेल, दमा असणं-नसणं सारखंच, आणि तेही खरं नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून वर नेला तर किती वर न्यायचा, याचं उत्तर त्या 14,199 ओळींत नाही. दमेकऱ्यांना मुद्दाम घरी ठेवून ते शोधण्याचा प्रयोग कोणतीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये.

माझ्या मते अशा वेळी मॉडेलने त्या रुग्णांबाबत शिफारस देऊच नये. दमा, जुनाट फुफ्फुसविकार, छातीतलं दुखणं, म्हणजे ज्यांना आजवर वेगळी वागणूक मिळत आली आहे असे सगळे गट आधी डॉक्टर आणि परिचारिकांना विचारून लिहून काढावेत. त्या गटांतला रुग्ण आला की पडद्यावर आकडा दिसू नये, ‘या रुग्णाबाबत डॉक्टरांनी ठरवावं’ एवढंच दिसावं. यामुळे मॉडेल वापरता येणाऱ्या रुग्णांची संख्या घटते, आणि प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना ते आवडत नाही. तरी ही यादी मॉडेलच्या सोबतच छापावी, आणि वॉर्डातली उपचारपद्धत बदलली की पुन्हा तपासावी. आयसीयूतल्या खाटा कमी झाल्या आणि दमेकरी वॉर्डात राहू लागले, की जुन्या डेटातली दम्याची ओळ दाखल रुग्णांपुरतीही खरी उरत नाही.